मेमरी फोम दाबून नव्हे, तोलून घ्या

प्रश्न : मेमरी फोमची गादी घ्यायची आहे, पण दुकानातल्या सगळ्याच हाताला सारख्या मऊ लागतात. चांगला फोम ओळखायचा कसा?

उत्तर : दाबून मऊपणा कळतो, टिकाऊपणा नाही. तो ठरतो घनतेवर, म्हणजे एका घनमीटर फोममध्ये किती किलो माल आहे यावर. मऊ फोम जड असू शकतो आणि कडक फोम हलका. तेव्हा ‘सॉफ्ट’, ‘फर्म’ या शिक्क्यांवर जाऊ नका. ४० किलोखालचा मेमरी फोम रोजच्या वापरात लवकर दबतो आणि कमरेखाली खळगा पडतो. ५० किंवा त्याहून जास्त घनतेचा घ्यावा. ८० च्या आसपासचा बराच टिकतो, पण अंगाला गरम होतो आणि कूस बदलणं जड जातं.

नमुन्याचा तुकडा मागा. १० सेंटिमीटर लांब, तेवढाच रुंद आणि ५ सेंटिमीटर जाड तुकडा स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवा. घनता ५० असेल तर २५ ग्रॅम भरेल. १६-१७ ग्रॅमच भरला तर ती ३३ च्या आसपास आहे. वजनातही लबाडी होते म्हणा : खडूची भुकटी, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, मिसळून फोम जड करता येतो. पण असा फोम कमजोर असतो, चिमटीत धरून ओढला की चटकन फाटतो.

‘२० सेंटिमीटरची मेमरी फोम गादी’ म्हणजे वीसच्या वीस मेमरी फोम नव्हे. वर मेमरीचा थर आणि खाली आधाराला साधा फोम असतो. प्रत्येक थराची जाडी आणि घनता बिलावर लिहून घ्या. वरचा थर ५ ते ८ सेंटिमीटर हवा, अडीचचा निव्वळ नावापुरता. खालचा फोम निदान ३० घनतेचा असावा. गादी मधोमध झोळ खाते ती बहुतेकदा त्याच्यामुळेच.

आडवं होऊन बघाल तर दहा-पंधरा मिनिटं तरी पडून राहा. हा फोम अंगाच्या उबेने मऊ होतो, त्यामुळे पहिल्या मिनिटाचं मत फसवं.

प्रश्न : नव्या गादीला उग्र वास येतोय. अपायकारक आहे का?

उत्तर : कारखान्यातून येताना फोममध्ये राहिलेली वायुरूप रसायनं बाहेर पडतात, त्याचा तो वास. वेष्टन काढून खिडक्या उघड्या ठेवून दोन-तीन दिवस गादी तशीच पसरून ठेवा. उन्हात मात्र टाकू नका, फोम पिवळा पडून ठिसूळ होतो. डोळे चुरचुरत असतील किंवा काही आठवड्यांनीही वास तसाच असेल, तर परत करा.

खरेदीआधी सर्टिपूर-यूएस या, फोममधली रसायनं तपासणाऱ्या अमेरिकी संस्थेचं प्रमाणपत्र बघा. त्यात या वायूंची मर्यादा दहा लाखांत अर्धा भाग इतकी आहे. मात्र ते फक्त फोमपुरतं असतं, कापड आणि डिंक त्यात येत नाहीत. कापडासाठी ओएको-टेक्स स्टँडर्ड १०० हे, कापडातली घातक रसायनं तपासून दिलेलं प्रमाणपत्र पाहावं. शिक्का कुणीही छापतो, म्हणून प्रमाणपत्राची नोंद त्या त्या संस्थेच्या यादीत शोधा.

आग रोखायला काही गाद्यांत काचतंतूंचं आवरण असतं. लेबलवर तसा उल्लेख असेल तर चेन दिसली तरी खोळ काढू नका. ते तंतू घरभर पसरले की निघता निघत नाहीत.

प्रश्न : सहा महिन्यांच्या बाळाला यावर झोपवावं का?

उत्तर : नको. तोंड फोममध्ये रुतलं तर बाळाला मान वळवता येत नाही आणि श्वास कोंडतो. वर्षभर तरी त्याला घट्ट, सपाट गादीवर, उताणंच झोपवा.