शेताचा कोपरा सोडायचा, तो किती?

प्रश्न : माझी सून अमेरिकन आहे, ज्यू कुटुंबातली. लग्नाआधी ती तीन महिने कनेटिकटमधल्या 'अदामा' नावाच्या शेतावर राहिली होती. अजूनही त्या दिवसांबद्दल बोलताना तिचा चेहरा उजळतो. पहाटे उघड्यावर प्रार्थना, मग शेळ्या, मग निंदणी. मला प्रश्न पडतो, शेती शिकायची तर कृषी महाविद्यालय आहे, देवाचं करायचं तर देऊळ आहे. दोन्हींची सांगड कशाला? तिला विचारायला संकोच वाटतो. तुम्ही स्वतः बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजातल्या, आणि शेतीवर लिहिता, म्हणून तुम्हाला विचारते.
— एक सासूबाई, डोंबिवली

उत्तर : संकोच सोडा आणि सुनेला विचाराच. पण मीही सांगते, कारण त्या शेतावर मी एक दिवस काढला आहे. 2018च्या ऑक्टोबरात भाचीकडे गेले होते, तेव्हा तिने मला तिथे नेलं.

फॉल्स व्हिलेज हे कनेटिकट राज्याच्या वायव्येचं लहानसं गाव, हूसाटॉनिक नदीच्या खोऱ्यातलं. तिथे 'इझाबेला फ्रीडमन' नावाचं ज्यू शिबिर-केंद्र आहे आणि अदामा हे त्याच्या आवारातलं शेत. केंद्राची मुळं 1893पर्यंत जातात. न्यू यॉर्कच्या कपड्यांच्या कारखान्यांत राबणाऱ्या गरीब ज्यू मुलींना उन्हाळ्यात चार दिवस मोकळी हवा मिळावी, म्हणून तेव्हा एक संस्था निघाली, तिचंच हे पुढचं रूप. शेत मात्र अलीकडचं, वीसेक वर्षांचं. विशी-तिशीतली मुलं-मुली तिथे तीन-तीन महिने एकत्र राहतात, पिकवतात, शिजवतात आणि धर्मग्रंथ वाचतात.

आता तुमचा सांगडीचा प्रश्न. हिब्रू भाषेत 'अदामा' म्हणजे माती आणि 'आदाम' म्हणजे माणूस. 'अवोदा' या शब्दाला तर दोन्ही अर्थ आहेत, कष्टाचं काम आणि उपासना. तुमच्या सुनेची पहाटेची प्रार्थना आहे ना, तिला तिथे 'अवोदात लेव' म्हणतात, म्हणजे मनाने केलेली सेवा. त्या थंडीत गोधडीसारखी जाकिटं गुंडाळून गाणारी मुलं पाहताना मला वेगळं काही घडतंय असं वाटलंच नाही. प्रार्थना संपली आणि तीच मुलं बादल्या घेऊन शेळ्यांकडे गेली. स्वतःच्या न्याहारीआधी. जनावराला घातल्याशिवाय आपण खायचं नाही, असा तालमूद या आमच्या धर्मशास्त्राच्या ग्रंथात नियमच आहे.

पण मला जे खरं सांगायचं आहे ते कोपऱ्याबद्दल. तोरामध्ये, म्हणजे मोशेच्या पाच ग्रंथांमध्ये, शेतकऱ्याला पेरण्याबद्दल जितकं सांगितलंय, तितकंच सोडून देण्याबद्दलही सांगितलंय. कापणी करताना शेताचा कोपरा कापायचा नाही, तो गरिबाचा आणि परक्याचा. त्याला 'पेआ' म्हणतात. कापताना हातून गळलेली एक-दोन कणसं उचलायची नाहीत. शेतात विसरलेली पेंढी आणायला परत जायचं नाही. हे दान नव्हे. दान मालकाच्या मर्जीवर असतं. कोपरा मुळात मालकाचा नाहीच, गरीब माणूस येऊन स्वतःच्या हाताने कापून नेतो, कुणापुढे हात पसरत नाही.

त्या दिवशी माझ्याबरोबर कोबी काढणाऱ्या एका मुलाला मी विचारलं, "कोपरा सोडायचा म्हणजे किती?" तो विळा खाली ठेवून म्हणाला, "मिश्ना, म्हणजे आपल्या नियमांचा जुना संग्रह, सांगते, याला माप नाही. पण साठाव्या हिश्शाहून कमी नको." आणि मग त्याने वाफ्याकडे बघत खरोखर हिशेब सुरू केला, साठ गड्ड्यांमागे एक. कृषी महाविद्यालय त्याला कोबीवरची अळी शिकवेल, ती शिकायलाच हवी. पण साठातला हा एक गड्डा तिथल्या कुठल्या पुस्तकात येतो? धर्म शिकवणाऱ्या शाळेत हेच वचन पाठ करून घेतील, पण तिथे कोबी नसतो. सांगड यासाठी.

काढलेला कोबी दुपारी बारीक चिरून, किलोला वीसेक ग्रॅम मीठ लावून आम्ही चोळत बसलो. आधी तो कडक, करकरीत असतो. दहा मिनिटं चोळला की हाताखाली मऊ पडतो आणि त्याला त्याचंच पाणी सुटतं. त्या पाण्यात तो बुडेपर्यंत दाबून भरायचा, वर वजन ठेवायचं आणि आंबू द्यायचा. व्हिनेगर नाही, फोडणी नाही. त्या भागात मे महिन्यातही दहिवर पडून रोपं जळतात आणि सप्टेंबर संपता संपता पुन्हा थंडीचा कडाका सुरू होतो. शेतीचे महिने मोजकेच, म्हणून हे खारवणं. पूर्व युरोपातून आलेल्या आज्यांची ही विद्या. माझ्या हातांना तो आंबूस वास दुसऱ्या दिवशीपर्यंत होता.

आणि शनिवार! शुक्रवारी सूर्य मावळला की शेतावरचं काम थांबतं, पीक कितीही तयार असो. हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. कोकणात आम्हा बेने इस्राएलांना 'शनवार तेली' म्हणत, कारण आमचे पूर्वज तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत. आजोबांचा घाणा मी पाहिलेला नाही, पण आजी सांगायची, शुक्रवारी दिवेलागणीला बैलाच्या डोळ्यांवरची ढापणं निघायची आणि शनिवारभर तो अंगणात नुसता रवंथ करत बसायचा. शब्बाथची, म्हणजे शनिवारची, विश्रांती जनावरालाही आहे, दहा आज्ञांमध्येच तसं म्हटलंय. गावाने आम्हाला आमच्या कामावरून नव्हे, आमच्या थांबण्यावरून ओळखलं, याचा मला फार अभिमान आहे.

तुम्ही विचाराल, शेळीचं दूध शनिवारी थांबतं का? नाही थांबत. कास भरून जनावराला वेदना होऊ द्यायची नाही, हाही धर्मच. म्हणून शास्त्र्यांनी वाटा काढल्या आहेत. धार बिगर-ज्यू शेजाऱ्याने काढावी किंवा आधीच वेळ लावून ठेवलेल्या यंत्राने निघावी. एका धारेसाठी पिढ्यान् पिढ्या एवढा खल झाला, यातच मला त्या धर्माचं मन दिसतं.

प्रश्न : अशी शेतं म्हणजे इस्राएलमधले किबुट्झच का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही. किबुट्झ ही सामायिक मालकीची वसाहत. पहिला, देगानिया, 1910चा. किबुट्झ उभारणारे बहुतेक जण समाजवादी होते, धर्मकर्मापासून लांब राहणारे. अदामासारखी शेतं ही शिकण्याची ठिकाणं. तिथे कायम कुणी राहायला जात नाही. कॅलिफोर्नियात बर्कली शहरात 'अर्बन अदामा' आहे, 2010मध्ये सुरू झालेलं. तिथला भाजीपाला मुख्यतः गरजूंना मोफत जातो. आणि अमेरिकेतले ज्यू आत्ताच मातीकडे वळले असंही समजू नका. रशियातल्या दंगलींतून पळून आलेल्या कुटुंबांनी न्यू जर्सीत 1882मध्येच 'अलायन्स' नावाची शेतकरी वसाहत वसवली होती.

प्रश्न : ज्यू धर्मात सातव्या वर्षी जमीन पडीक ठेवतात असं वाचलं. माझी तीन एकर आहे, द्राक्ष आणि कांदा. एक वर्ष पडीक ठेवलं तर कर्जाचे हप्ते कोण भरणार?
— एक शेतकरी, जुन्नर तालुका

उत्तर : दादा, तुमचा प्रश्न दोन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यानेही विचारला असता, आणि म्हणूनच त्या नियमाची दुसरी बाजू आधी सांगते. त्या सातव्या वर्षाला 'श्मिता' म्हणतात, म्हणजे सोडून देणं. जमीन सोडायची, तसं त्या वर्षाअखेर कर्जही सोडायचं. एकट्या शेतकऱ्याने पोटाला चिमटा घ्यावा आणि सावकाराने व्याज मोजत बसावं, असं ते नाही. त्या वर्षी आपोआप येणाऱ्या फळांवरही मालकी नसते. कुंपण उघडं, कुणीही यावं आणि घरापुरतं न्यावं.

प्रत्यक्षात हा नियम फक्त इस्राएलच्या भूमीला लागू आहे आणि तिथेही तो पाळणं सोपं गेलेलं नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नव्या वसाहतींतले शेतकरी उपाशी मरायची पाळी आली, तेव्हा काही रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मगुरूंनी, त्या वर्षापुरती जमीन बिगर-ज्यूला विकून शेती चालू ठेवायची मुभा दिली. ती वाट आजही वापरतात आणि तिच्यावरचा वादही आजवर मिटलेला नाही. मी मुभा देणाऱ्यांच्या बाजूची. ज्याच्या घरी चूल पेटत नाही त्याला विश्रांतीचं महत्त्व सांगू नये.

अमेरिकेत बंधन नाही, तरी 2021-22च्या श्मितात काही ज्यू शेतांनी आपखुशीने एखादा तुकडा मोकळा ठेवला. पुढची श्मिता 2028-29ला. तुमची द्राक्षबाग मोकळी सोडता येणार नाही, ते मी सांगणारही नाही. पण कांद्याच्या रानातली पाच गुंठे जागा घ्या, एक हंगाम तिथे ताग किंवा धैंचा पेरा आणि फुलावर येताना गाडा. माती काय म्हणते ते पुढच्या कांद्यात दिसेल.

प्रश्न : आमच्या जिल्हा परिषद शाळेत परसबाग आहे. तुम्ही सांगता त्या शेतांवरून मुलांसाठी काही घेता येईल का? धर्माचा भाग वगळून.
— एक शिक्षिका, पेण

उत्तर : बाई, वगळायची घाई करू नका. तुमच्या वर्गातल्या प्रत्येक मुलाच्या घरी काही ना काही सोडलं जातंच. कुणी गायीचा घास काढतं, कुणी गरिबांसाठी जकात देतं. आमच्याकडे मलिदा म्हणून देवाचे आभार मानायचा विधी असतो, त्याच्या ताटात भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर आणि फळं असतात, आणि ती फळं आशीर्वाद म्हटल्याशिवाय कुणी तोंडात घालत नाही. आमच्यात झाडांचा नववर्षदिन असतो, त्याला 'तू बिश्वात' म्हणतात. तेव्हा अलिबागजवळच्या खंडाळ्याला एलियाहू हन्नाबीच्या, म्हणजे प्रेषित एलियाच्या, स्थानी जाऊन आमची माणसं मलिदा करतात. मुलांना विचारा, तुमच्या घरी काय सोडतात? एक तास पुरणार नाही.

आणि एक साधी गोष्ट घ्या. 1994पासून 'तेवा' नावाचा ज्यू पर्यावरण-शिक्षणाचा उपक्रम अमेरिकेत शाळकरी मुलांची निवासी शिबिरं घेत आला आहे. तिथे जेवण झालं की ताटात उरलेलं सगळं एका बादलीत जमा करून सगळ्यांसमोर त्याचं वजन करतात. कुणाला रागवत नाहीत, कुणाचं ताट दाखवत नाहीत. फक्त आकडा सांगतात. आठवडा संपेपर्यंत तो शून्यावर आणायचा, हा मुलांचा पण. मागे एक आज्ञा आहे, 'बाल तश्हीत', नासाडी करू नकोस. मूळ आज्ञा युद्धातली आहे, नगराला वेढा घातला तरी फळझाडं तोडू नका अशी. ती पुढे अन्नापर्यंत आणि वस्त्रापर्यंत नेली गेली.

तुमच्याकडे पोषण आहाराची खिचडी असते. घरचा ताणकाटा चालेल, पण त्यावरचा आकडा मुलांनीच वाचायचा आणि फळ्यावर मुलांनीच लिहायचा. उरलेलं परसबागेच्या खड्ड्यात टाका, वर सुका पाला पसरा. सोमवारी सुरू करा आणि पहिल्या दिवशीचा आकडा मला नक्की कळवा.