वाचक विचारतात : बॅलिस्टिक कॅल्क्युलेटर आणि फूटभर खाली लागणारी गोळी

प्रश्न : डेन्व्हरजवळच्या रेंजवर ८०० यार्डांपर्यंत माझ्या बॅलिस्टिक कॅल्क्युलेटरचे (गोळी किती खाली पडेल आणि वाऱ्याने किती सरकेल ते सांगणारं यंत्र) आकडे बरोबर येतात. रायफल ६.५ क्रीडमूर (काडतुसाचा प्रकार), नळी २० इंची, १४० ग्रेन वजनाची, स्पर्धेसाठीची फॅक्टरी गोळी. वेग काडतुसांच्या खोक्यावरचा भरलाय, हवेचा दाब मोबाइलच्या हवामान अ‍ॅपमधून. टेक्ससच्या किनाऱ्यालगत तिथला दाब आणि तापमान भरूनही गोळ्या फूटभर खाली बसल्या. यंत्र बिघडलं का? (वाचक, कोलोरॅडो)

उत्तर : यंत्र ठीक आहे. चुका डेन्व्हरलाच होत होत्या, दोन. एक गोळी वर नेत होती, दुसरी खाली, म्हणून काही कळलं नाही.

अ‍ॅपमधला दाब समुद्रसपाटीचा हिशेब धरून सांगितलेला असतो. डेन्व्हर १,६०० मीटरवर आहे. अ‍ॅप ३० इंच (पाऱ्याचे) दाखवतं तेव्हा तिथला प्रत्यक्ष दाब २५च्या आसपास असतो. कॅल्क्युलेटरला हा प्रत्यक्ष दाब, म्हणजे स्टेशन प्रेशर, लागतो. ३० भरलेत की त्याच्या लेखी हवा दाट होते आणि ते स्कोपच्या फिरकीचे गरजेपेक्षा जास्त क्लिक (टप्पे) सांगतं. गोळी वर जायला हवी होती. पण खोक्यावरचा २,७१० फूट प्रतिसेकंद वेग २४ इंची नळीचा असतो. चार इंच नळी कमी म्हणजे साधारण ८० ते १०० फूट वेग कमी, आणि गोळी तेवढी खाली. किनाऱ्यावर दोन्ही दाब जवळपास सारखेच, त्यामुळे पहिली चूक आपोआप गेली आणि दुसरी उघडी पडली.

आता लगेच ‘ट्रूइंग’ करून, म्हणजे गोळी प्रत्यक्ष जिथे लागली त्याला जुळेल असा, वेगाचा आकडा खाली ओढू नका. आधी स्कोप तपासा. बरोबर १०० यार्डांवर (टेपने मोजून) उंच कागदावर ओळंब्याने उभी रेघ मारा, खालच्या टोकावर नेम धरून काही गोळ्यांचा एक गट पाडा, टरेट (स्कोपची उंचीची फिरकी) १० मिल (कोनाचं माप) चढवा आणि नेम त्याच खालच्या बिंदूवर ठेवून पुन्हा मारा. दोन गटांत ३६ इंच अंतर हवं. ३५ भरलं तर तुमचे क्लिकच कमी पडताहेत; तो फरक स्कोपच्या सेटिंगमध्ये भरायचा, वेगात नाही. मग क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजणारं यंत्र) दहा गोळ्यांची सरासरी घ्या आणि त्या वेळचं तापमानही टिपा, कारण काडतुसातली दारू गरम असली की वेग वाढतो. नळीच्या मध्यापासून स्कोपच्या मध्यापर्यंतची उंची मोजून भरा. बीसीचा (गोळी हवेचा विरोध किती सहज कापते त्याचा) आकडा जी१ आणि जी७ यांपैकी कोणत्या मॉडेलचा आहे तेही पाहा: उदाहरणार्थ १४० ग्रेन ईएलडी मॅच या गोळीचा जी१ ०.६४६, जी७ ०.३२६. जी७ निवडून ०.६४६ भरणारे कमी नाहीत, आणि मग गोळी कागदाच्या खालून जाते.

ट्रूइंग शेवटी. गोळीचा वेग माख १.२च्या (ध्वनीच्या वेगाच्या १.२ पट) वर असेल अशा लांब अंतरावर, पाच गोळ्यांच्या गटाचा मध्य धरून. क्रोनोग्राफपेक्षा तीस फुटांहून जास्त बदल करावा लागला तर थांबा. वर सांगितलेल्यापैकी काहीतरी अजून चुकलेलं आहे.

प्रश्न : कॅल्क्युलेटरची बॅटरी बदलल्यापासून वाऱ्याचा होल्ड (वाऱ्यासाठी नेम किती बाजूला धरायचा तो आकडा) भलताच येतो. (वाचक, टेक्सस)

उत्तर : होकायंत्र पुन्हा कॅलिब्रेट केलं नसेल. केस्ट्रेलसारख्या, वारा मोजणाऱ्या आणि कॅल्क्युलेटरही असलेल्या यंत्रात प्रत्येक बॅटरीबदलानंतर ते करावंच लागतं. यंत्र उभं धरा, गाडीच्या बॉनेटपासून आणि रायफलपासून लांब. नेमाची दिशा ३० अंशांनी चुकली तर समोरून येणारा वारा यंत्राला अर्ध्या जोराचा आडवा वारा वाटतो. तापमानही खिशातून काढल्याबरोबर वाचू नका; सावलीत वाऱ्यावर धरा, आकडा स्थिरावू द्या. आणि यंत्राचा पंखा फक्त तुमच्यापाशी वाहणारा वारा मोजतो. मधल्या ८०० यार्डांचं गवत आणि मिराज (तापलेल्या हवेची थरथर) तुम्हालाच वाचावं लागतं.

प्रश्न : स्वप्नील कुसाळेंनी पॅरिसला कांस्य मिळवलं, त्या ५० मीटर रायफल प्रकाराच्या सरावाला हे यंत्र घ्यावं का? (वाचक, कोल्हापूर)

उत्तर : नको. अंतर ठरलेलं, गोळी .२२ची, आणि झीरो (नेम आणि गोळी एकाच बिंदूवर जुळवणं) त्याच ५० मीटरला केलेला. यंत्राला काढायला उंचीचा हिशेबच उरत नाही. वाऱ्यासाठी रेंजवरचे झेंडे आणि सुरुवातीचे साइटर (गुणांत न धरले जाणारे चाचणीचे) शॉट आहेत. तेच पैसे एकाच लॉटच्या (एकाच वेळी बनलेल्या) काडतुसांत घाला.