जुनं गॅरेज पाडायला निघालंय, आधी काय बघाल?

प्रश्न : माझ्या सासऱ्यांनी 1958 च्या सुमारास जुन्या आग्रा रोडवर, तीन पेट्रोल पंपाजवळ, एक गॅरेज भाड्याने चालवायला घेतलं. पुढे काचेचं दालन, मागे उंच पत्र्याची शेड, गाडीखाली उतरून काम करायला जमिनीत खड्डा. इमारत त्याहून जुनी आहे असं ते सांगायचे. आता मालकाने जागा बिल्डरला द्यायचं ठरवलंय. मुलं म्हणतात, ‘पत्र्याची शेड ती, तिच्यात काय जपायचं?’ तिचं वय कसं शोधायचं? आणि ती वाचेल का?
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : आधी मुलांचं बघू. त्या शेडमध्ये सगळ्यात नवा आणि सगळ्यात कमी मोलाचा भाग म्हणजे पत्रा. त्यांना म्हणावं, पत्र्याखाली बघा. कैच्या, म्हणजे छत तोलणाऱ्या त्रिकोणी चौकटी, सागवानी आहेत की लोखंडी? लोखंडी असतील तर सांध्यांवर गोल टोपीचे रिव्हेट दिसतात की वेल्डिंगची रेघ? रिव्हेट असतील तर काम बहुधा आपल्याकडे वेल्डिंग सर्रास होण्याच्या आधीचं. मग शिडी लावून गर्डरच्या मधल्या उभ्या पट्टीवरचा रंग तारेच्या ब्रशने हलकेच काढा. कारखान्यात गर्डर लाटतानाच तिथे कंपनीचं नाव उठवलेलं असतं. आपल्याकडच्या जुन्या कामात बहुतेक वेळा ‘टाटा’ सापडतं. जमशेदपूरला पोलाद निघायला लागलं 1912 मध्ये, म्हणजे इमारत त्यानंतरची. चरईतल्या एका शेडमध्ये मी असा रंग काढला, तेव्हा पाच-सहा थरांखालून ‘डॉर्मन लाँग, मिडल्सबरो, इंग्लंड’ अशी इंग्रजी अक्षरं एकेक करून वर आली. सिडनीचा प्रसिद्ध पूल बांधणारी हीच कंपनी. त्या शेडमध्ये उभा जन्म काढलेले मिस्त्री खाली शिडी धरून उभे होते. त्यांनी मला ते नाव पुन्हा पुन्हा वाचायला लावलं.

एक मात्र लक्षात ठेवा, गर्डरचं वय म्हणजे इमारतीचं वय नव्हे. पाडकामातून निघालेले गर्डर विकत घेऊन नव्या शेडला लावायची पद्धत मुंबई-ठाण्यात जुनीच आहे. म्हणून कागदही शोधा. नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) काढा, नगरपालिकेच्या काळातल्या कर आकारणीच्या नोंदी मागा. घरात सासऱ्यांचं गुमास्ता लायसन्स आणि भाडेपावत्या असतीलच. आधीच्या चालकाकडे पेट्रोल साठवण्याचा परवाना असेल तर उत्तमच, कारण त्याच्यासोबत बहुतेकदा जागेचा नकाशा जोडलेला असतो.

आता त्या काचेच्या दालनाविषयी, कारण मला सगळ्यात जास्त जवळचं वाटतं ते हेच. तुमच्या पत्रात तुम्ही त्याला एका शब्दात उरकलंत, पण आपल्या गाड्यांच्या व्यापाराचा अख्खा इतिहास त्या पुढच्या आणि मागच्या भागाच्या प्रमाणात दडलेला असतो. जनरल मोटर्सने 1928 मध्ये शिवडीला गाड्यांची जुळणी सुरू केली. विलायती-अमेरिकी गाड्या विकायच्या तर गिऱ्हाइकाला भुरळ घालावी लागे, म्हणून ऑपेरा हाउस आणि ह्यूजेस रोडच्या बाजूला मोठमोठ्या काचांची शोरूम उभी राहिली. मग 1953 मध्ये सरकारच्या टॅरिफ कमिशनच्या शिफारशीनंतर धोरण ठरलं की ज्यांना इथे गाडी बनवायची आहे त्यांनीच राहावं. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी गाशा गुंडाळला. उरल्या मोजक्या कंपन्या, त्यांत फियाट बनवणारी आपली कुर्ल्याची प्रीमियर. फियाटसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून थांबत. जिथे गिऱ्हाईकच रांगेत उभं आहे तिथे काचेमागे गाडी मांडून ठेवण्याची गरज काय? दर्शनी दालनात स्पेअर पार्टचं काउंटर आलं, हिशेबाचं टेबल आलं आणि मागची शेड वाढत गेली. एकेक गाडी पंचवीस-तीस वर्षं चालवायची, म्हणजे इंजिन उतरवणं, बोअर करणं, डेंटिंग-पेंटिंग, सगळं तिथेच. तुमच्याकडे काच लहान होऊन मागे शेड वाढवल्याच्या खुणा असतील, भिंतीत बुजवलेली कमान किंवा मध्येच बदललेली फरशी, तर फोटोत त्या आवर्जून घ्या.

डिसेंबर 1983 मध्ये मारुती आली आणि 1991 नंतर परदेशी कंपन्या परतल्या. पारडं उलटं झुकलं, काच पुन्हा मोठी झाली आणि वर्कशॉप गेलं वागळे इस्टेटमध्ये, गिऱ्हाइकाच्या नजरेआड. कार्बुरेटर जाऊन इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन आल्यावर कानाने दोष ओळखणाऱ्या मिस्त्रींच्या हातून काम सुटत गेलं. मुंबईतली शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 अखेर रस्त्यावरून उतरली. तिच्यावर पोट असलेली गॅरेजं तोवर बरीचशी मिटली होती.

ती वाचेल का? खरं सांगते, जशीच्या तशी वाचणं कठीण आहे. आग्रा रोडला लागून असलेल्या एकमजली शेडपेक्षा तिच्याखालच्या जमिनीला शंभरपट मोल आहे. प्रीमियरसारखा कारखानासुद्धा जमिनीपुढे टिकला नाही, त्या जागेवर आज कोहिनूर सिटी ही वसाहत उभी आहे. न्यूयॉर्कला जगप्रसिद्ध वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइटने 1950 च्या दशकात बांधलेली मोटारींची शोरूम, आतल्या गोल चढणीसकट, 2013 मध्ये तोडली गेली. इतक्या मोठ्या नावाचाही उपयोग झाला नाही.

वाचल्या त्या इमारतींना दुसरं काम मिळालं. लंडनच्या पिकॅडिलीवर वोल्सली कंपनीने 1921 मध्ये दिमाखदार शोरूम बांधली. पाच वर्षांत कंपनीच बुडाली. मग तिथे बँक आली आणि 2003 पासून रेस्टॉरंट आहे. मॉस्कोत वास्तुविशारद मेल्निकोवने 1920 च्या दशकात बांधलेलं बसगाड्यांचं गॅरेज आज संग्रहालय आहे. मधे कमीत कमी खांब आणि उंच छत, हे तिथे कामी आलं. तुमच्या शेडमध्येही तेच आहे. बिल्डरशी बोलताना ‘जपा’ एवढंच म्हणू नका, नेमकं मागा. दोन-तीन कैच्या रिव्हेटसकट उतरवून सोसायटीच्या सभागृहाला किंवा प्रवेशाच्या छताला वापरा, असं लेखी घाला. त्या कैच्या भंगारात विकून बिल्डरला मिळणारे पैसे त्या प्रकल्पात किरकोळ आहेत, म्हणून ही मागणी मान्य होण्यासारखी आहे. भाडेकरू म्हणून तुमचा हक्क 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यात बसतो का, ते मात्र सही करण्याआधी वकिलाकडून तपासून घ्या.

आणि काहीही ठरो, या महिन्यात टेप घेऊन शेड मोजा. लांबी, रुंदी, कैचीची उंची, खड्ड्याची जागा. आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांना अशी कामं हवी असतात, जवळच्या कॉलेजात विचारा.

प्रश्न : सासऱ्यांच्या काळातले नट-बोल्टचे पाने (स्पॅनर), पत्र्याचे जाहिरातफलक, जॉबकार्डांच्या वह्या आहेत. भंगारवाला सगळं उचलायला तयार आहे.
– त्याच वाचक

उत्तर : पाने हवे तर द्या. वह्या अजिबात देऊ नका. कुठली गाडी, कोणतं काम, किती मजुरी, हे ठाण्याच्या रस्त्यावरच्या गाड्यांबद्दल इतक्या बारकाईने दुसरीकडे लिहिलेलं मिळणं दुर्मीळ.

प्रश्न : तुर्भ्यात एक बंद पडलेलं गॅरेज अभ्यासिकेसाठी घेतोय. वर सिमेंटचे पत्रे आहेत, आत खड्डा आहे आणि तेलाचा वास जात नाही. रंग काढून टाइल्स लावल्या तर चालेल?
– एक वाचक, वाशी

उत्तर : चांगलं काम करताय, मनापासून आनंद झाला. पण टाइल्सची घाई नको.

जुने सिमेंटचे पत्रे बहुधा अ‍ॅस्बेस्टॉसचे असतात. त्यांना भोक पाडू नका, फोडू नका, घासू नका. त्याचे तंतू फुप्फुसात गेले की बाहेर येत नाहीत. काढायचेच तर जाणत्या माणसाकडून, मास्क लावून, पाणी मारून ओले करून, बोल्ट सोडवून अख्खे उतरवा.

खड्ड्यात एकदम उतरू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती तळाशीच साचते. आधी पंख्याने हवा खेळवा आणि तिथे काडी पेटवू नका. पेट्रोलची जमिनीखालची टाकी असल्याची शंका आली तर ती परवानाधारक माणसाकडून रिकामी आणि साफ करून घ्या. खड्ड्यातला चिखल काढा, त्यात तेल असणार, तो गटारात सोडू नका. मग खडी आणि मुरूम थराथराने, पाणी मारून, ठोकून भरा. नुसतं डेब्रिज ढकललं तर पहिल्याच पावसाळ्यात फरशी खचेल.

वासाचं कारण काँक्रीटमध्ये मुरलेलं तेल. डिग्रीझरने धुऊन वास राहिला तर वरचा थर तासून काढावा लागतो, कारण तेलकट कोब्यावर टाइल धरत नाही. खांबांच्या तळाशी काँक्रीट फुगलेलं किंवा सळई दिसत असेल तर रंगाआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. खाडीच्या हवेत सळई लवकर गंजते. आणि शक्य असेल तर एका बाजूला खड्ड्याची दगडी कड तशीच उघडी ठेवा, मुलांना कळू दे आपण कुठे बसून अभ्यास करतोय.