कातडीवर जोर करू नको

प्रिय बाबू,

तुझा मेसेज मिळाला. घरात आई-वहिनी असताना फोनवर हे बोलणं तुला जमायचं नाही, म्हणून लिहूनच पाठवतो. वाचून झालं की पाहिजे तर पुसून टाक.

तू सांगतोस त्यावरून हे फायमोसिस दिसतं. म्हणजे लिंगाच्या टोकावरची कातडी तोंडाशी इतकी आवळ, की सुपारीच्या, म्हणजे लिंगाच्या गोल टोकाच्या, मागे सरकत नाही. मर्दानगीशी याचा काही संबंध नाही. बीज तयार होतं अंडकोशात, त्याला टोकावरच्या कातडीशी काय करायचं? बाजाराच्या दिवशी बसस्टँडजवळ तंबू लावून बसणाऱ्याला नेमकं हेच तुला कळू द्यायचं नसतं. तो धातू, स्वप्नदोष, कमजोरी असं सगळं एकाच पुडीत बांधून देतो आणि कातडी होती तिथेच राहते.

जन्मतः जवळपास प्रत्येक पोराची कातडी सुपारीला चिकटलेली असते. इंग्लंडच्या डग्लस गेर्डनर यांनी 1949 साली मांडलं, की नवजात बाळांपैकी जेमतेम 4 टक्क्यांची कातडी मागे जाते. पुढे ती आपोआप सुटते. डेन्मार्कच्या याकोब ऑस्टर यांनी शाळकरी मुलं तपासून 1968 साली लिहिलं, की 6-7 वर्षांच्या मुलांत 8 टक्क्यांना आवळपणा होता आणि 16-17 व्या वर्षी तो 1 टक्क्यावर आला. तू त्या उरलेल्यांतला. थोडे असतात, पण तालुक्यात एकटा तू नाहीस. माझी नोकरी औषधाच्या खिडकीमागे गेली. रांग सरेपर्यंत बाजूला उभे राहणारे पोट्टे मला लांबूनच ओळखू यायचे.

जाता जाता, तुझ्या पुतण्याला अंघोळ घालताना आजी तेल लावून कातडी मागे ओढते म्हणतोस, ते बंद करायला सांग. लहान पोराची वरून धुतली की पुरे.

आता तुझं. अंघोळीत जोर लावला आणि रक्त आलं, असं लिहिलंस. हे आजपासून थांबव. फाटलेली जागा भरताना व्रण धरते, व्रणाची कातडी ताणली जात नाही, म्हणून प्रत्येक जोरासोबत तोंड आणखी आवळत जातं. रक्त नेमकं कुठून आलं तेही डॉक्टरला सांग. खालच्या बाजूला कातडीचा एक बारीक दोरा असतो. कधी आवळपणा कमी आणि तो दोराच आखूड असतो, त्याचा इलाज वेगळा.

बहुतेकांचं काम मलमावर भागतं. बीटामेथासोनसारखं स्टिरॉइडचं मलम डॉक्टर लिहून देतात, साधारण दिवसातून दोनदा, 4 ते 8 आठवडे. लावायची रीत कोणी नीट सांगत नाही, म्हणून मी सांगतो. कोमट पाण्याने अंघोळ झाली की कातडी मऊ असते. ताण जाणवेल पण दुखणार नाही, इतकीच मागे घे, अर्धा-एक मिनिट धर, आणि जिथे आवळ कडं दिसतं नेमकं तिथे मलमाचा पातळ थर लाव. मग कातडी पुढे आण. पहिल्या आठवड्यात फरक दिसला नाही म्हणून सोडून देऊ नको, आणि दिसला म्हणून घाईही करू नको. हळूहळू ताणण्याची ही युक्ती जुनीच आहे. सुश्रुतानेही तूप लावलेली नळी बसवून दर तीन दिवसांनी ती जाड करत न्यायला सांगितलंय. तू मात्र नळी-बिळीच्या फंदात पडू नको.

मेडिकलवरून स्वतःच्या मनाने ट्यूब आणू नको. खाज-गजकर्णासाठी विकतात त्यात स्टिरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक एकत्र घोटलेलं असतं. आठ दिवस बरं वाटतं, मग दुखणं मुरतं.

स्वच्छतेला साधं पाणी बस. डेटॉल नको, सुगंधी साबण नको. आणि फवारणी करून किंवा खर्रा घोटून आलास, तर लघवीला जायच्या आधी हात धू. नंतर सगळेच धुतात, आधी कोणी धुवत नाही.

कडं पांढरं आणि टणक दिसत असेल, तर तो कातडीचा वेगळा आजार असू शकतो; तिथे मलम बरेचदा कमी पडतं. आणि आधी नीट असलेली कातडी आता आवळली असेल, चिरा पडत असतील, तर शुगर तपासायलाच हवी. मधुमेहाची पहिली खूण काही जणांत इथेच दिसते.

एक गोष्ट मात्र तातडीची. कातडी मागे गेली आणि पुढे येईना, सुपारी सुजायला लागली, तर सकाळची वाट पाहू नको. मागे अडकलेलं कडं रक्ताचा रस्ता आवळतं. लाज घरी ठेव आणि रात्री कितीही वाजले असोत, 108 ला फोन लाव.

मलमाने नाहीच जमलं तर ऑपरेशन. तुझ्या वयात साधारणपणे जागा बधिर करून करतात, बहुतेक जण त्याच दिवशी घरी येतात. गावात लोक सुंता म्हणून कुजबुजतील, ही तुझी खरी भीती, मला कळते. पण डॉक्टर इथे धर्म पाहत नाही, आवळ कातडी पाहतो. काहींत पूर्ण कातडी न काढता फक्त तोंड रुंद करता येतं, ते विचारून घे. पुढचे काही दिवस बैलबंडी, सायकल, डवरणी बंद. शरीरसंबंध 4 ते 6 आठवडे नाही. घरी हर्नियाचं सांगितलंस तरी चालेल, पण होणाऱ्या बायकोला खरं सांग. दुखत असताना तू टाळत राहिलास, तर ती स्वतःतच खोट शोधत बसेल.

लग्न वैशाखात आहे आणि अजून दिवाळी व्हायची आहे. मलमाला पुरेसा वेळ आहे, लागलंच तर ऑपरेशनलाही.

आधी तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात जा. 15 ऑगस्ट 2023 पासून आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरलाही पैसे लागत नाहीत. तिथून पाठवलं तर यवतमाळचं मेडिकल कॉलेज आहे, सेवाग्राम आहे. खिडकीवर 'कातडीचा त्रास' एवढंच सांग, बाकीचं आत गेल्यावर. आतापर्यंत काही लावलं असशील तर ती ट्यूब खिशात ठेव. आणि उपाशी पोटी जा, शुगर तिथेच होऊन जाईल.

तुझा,
काका