थांबवलेल्या गाड्यांचा डेटा हाती घेण्याआधी

गाड्या थांबवताना आणि झडती घेताना वर्णावरून भेदभाव होतो का, हे बघायला तू सांगलीत बसून अमेरिकी पोलिसांच्या नोंदी तपासायला घेतल्या आहेस, याचा मनापासून आनंद झाला. पण थांबवलेल्या कृष्णवर्णीय चालकांचं प्रमाण थेट जनगणनेशी ताडू नकोस. गावात राहणारे आणि रस्त्यावर गाडी चालवणारे वेगळे असतात. विश्रामबागच्या चौकात उभा राहून बघ, मिरज-कुपवाडच्या किती गाड्या जातात!

त्यावर उपाय म्हणजे अंधाराची कसोटी. अमेरिकेतल्या ओकलंड शहराच्या नोंदींवर ती वापरलेला अभ्यास २००६ साली आला. अंधारात चालकाचा वर्ण दिसणं अवघड. म्हणून घड्याळाची वेळ तीच ठेवायची, समजा संध्याकाळचे सात, आणि उजेडाच्या दिवसांची तुलना अंधाराच्या दिवसांशी करायची. अंधारात कृष्णवर्णीयांचं प्रमाण घटलं, तर भेदभावाची शंका बळावते. संधिप्रकाशातल्या नोंदी मात्र वगळ. तिकडे बहुतेक राज्यांत वर्षातून दोनदा घड्याळ तासभर सरकतं, म्हणजे घड्याळाच्या त्याच वेळेला एकदम उजेडाऐवजी अंधार किंवा उलट होतं; त्याचा या कसोटीत फार उपयोग होतो. आपल्याकडे ती सोय नाही.

झडतीचं गणित जास्त फसवं. झडतीत बेकायदा माल सापडण्याचं, म्हणजे यशाचं, प्रमाण एका गटात कमी, म्हणजे त्यांची झडती कमी पुराव्यावर, असा सरळ तर्क. मी स्वतः त्यात अडकलो होतो. समज, पोलीस सगळ्यांना एकच अट लावतात: माल सापडण्याची शक्यता किमान वीस टक्के वाटली तरच झडती. पण एका गटातल्या संशयितांकडे माल असण्याची शक्यता ऐंशी टक्के, दुसऱ्यातल्यांकडे चाळीस. अट तीच, तरी यशाचं प्रमाण निम्मं दिसेल! उलट खरा भेदभाव झाकलाही जातो. म्हणून झडतीचं आणि यशाचं प्रमाण एकत्र घेऊन अटीचाच अंदाज बांधणारं प्रारूप शिक.