सगळ्या कीफ्रेमला इझी ईझ लावूनही कॅमेरा अडखळतो, कारण अडखळवतोय तो इझी ईझच

तू लिहिलंयस की आफ्टर इफेक्ट्स या अ‍ॅनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये पाच फोटोंवरून कॅमेरा फिरवलाय, प्रत्येक कीफ्रेमवर, म्हणजे अमुक वेळी कॅमेरा कुठे असावा याच्या खुणेवर, एफ नाइन दाबून इझी ईझ लावलंय, तरी तो दर फोटोपाशी थांबतो आणि परत निघतो. अरे ते होणारच, कारण इझी ईझ म्हणजे त्या कीफ्रेमवर वेग शून्य, मग पाच कीफ्रेम म्हणजे पाच ब्रेक, अगदी स्लो लोकलसारखं. स्पीड ग्राफ उघडून बघ, दर कीफ्रेमला रेष तळाला टेकलेली दिसेल.

पहिली आणि शेवटची कीफ्रेम तशीच ठेव, मधल्या तीन सिलेक्ट करून राइट क्लिक, रोव्ह अक्रॉस टाइम. आता मधल्या कीफ्रेमची वेळ सॉफ्टवेअर स्वतः ठरवतं, रस्ता तोच राहतो पण वेगाचा एकच सलग डोंगर होतो. मग दोन्ही टोकांचे हँडल आत ओढ, इन्फ्लुअन्स म्हणजे तो मऊपणा किती लांबवर पसरतो ते, इझी ईझचा डीफॉल्ट ३३ टक्के असतो, मी ७०च्या आसपास नेतो, सुरुवात आणि शेवट मस्त मऊ होतात. फक्त पोझिशनला सेपरेट डायमेन्शन्स (एक्स, वाय, झेड वेगवेगळे) केलं असेल तर रोव्ह चालत नाही, आधी ते काढ.

आता तुझा कॅमेरा टू नोड आहे, त्यात पोझिशन वेगळी आणि पॉइंट ऑफ इंटरेस्ट, म्हणजे कॅमेरा जिकडे बघतो तो बिंदू, वेगळा, दोघांच्या कीफ्रेमचं टायमिंग जरा हललं की कॅमेरा मान वळवतो आणि बघणाऱ्याला वाटतं झटका बसला. म्हणून मी कॅमेऱ्याला हातच लावत नाही, थ्रीडी स्विच ऑन केलेला एक नल, म्हणजे व्हिडिओत न दिसणारा रिकामा लेयर, घेतो, कॅमेरा त्याला पॅरेंट करतो म्हणजे त्याच्यामागे बांधतो आणि पोझिशनच्या कीफ्रेम फक्त नलवर, फिरवायचंच असेल तर रोटेशनला दुसरा नल. पसारा वाटेल, पण क्लायंटने ऐनवेळी बदल सांगितला की एकाच जागी हात घालावा लागतो.

एखाद्या फोटोवर रेंगाळायचं असेल तर तिथे रोव्ह नको, पण वेग शून्यावरही आणू नकोस, ग्राफ तळाच्या थोडा वर ठेव, कॅमेरा हळूहळू सरकत राहिला पाहिजे. आणि सारख्याच व्हॅल्यूच्या दोन कीफ्रेम ठेवूनही कॅमेरा मध्येच भरकटून परत येत असेल तर दोष रस्त्याच्या वळणाचा, कीफ्रेम इंटरपोलेशनमध्ये स्पेशियल लिनियर कर, म्हणजे रस्ता सरळ होईल.

एवढं करूनही जोरात पॅन होताना फोटो तुटक दिसले तर ग्राफ छेडत बसू नकोस, सेकंदाला २५ फ्रेम असताना ते होतंच, लेयरचा मोशन ब्लर (हालचालीचा धूसरपणा) लाव, तो धूसरपणा किती ते ठरवणारा शटर अँगल १८० पुरतो.