सिंहगडाच्या दरीत स्वर्गीय नर्तकाचा चांगला फोटो कसा मिळेल?

तीन रविवार जाऊनही तुम्हाला या पक्ष्याची फांद्यांआडची नुसती शेपटीच मिळाली, म्हणून आता मोठी लेन्स घ्यावी का असं विचारलंय. तुमच्याकडची ७०-३०० मिमीची लेन्स पुरेशी आहे. चालणं थांबवा.

मीही गडाच्या पायथ्याच्या आतकरवाडीच्या बाजूने झाडीत शिरून पांढरी शेपटी दिसली की तिच्यामागे जायचो. पक्षी कायम एक झाड पुढे. मग एका मे महिन्यात ओढ्याकाठी दोन तास नुसता बसलो आणि तो स्वतःहून समोर आला.

उन्हाळ्यात ओढा आटून डबकी उरतात. त्यातलं सावलीतलं, वर आडवी फांदी असलेलं एखादं निवडा आणि दहा-बारा मीटरवर झुडपाला टेकून मातकट कपड्यांत बसा. उन्हं कलायला लागली की पक्षी अंघोळीला येतात. नर्तक पाण्यात उतरून बसत नाही. फांदीवरून सूर मारतो, छाती भिजवतो आणि बहुतेकदा त्याच फांदीवर परततो, असं चार-पाच वेळा. पहिला सूर डोळ्यांनी बघा, दुसऱ्यापासून फोकस फांदीवर धरून ठेवा. कॅमेरा उभा धरा, नाहीतर शेपटी कापली जाते. ती दोन पिसं त्याच्या अंगापेक्षा लांब असतात.

मागे गर्द सावली असल्याने कॅमेरा फोटो उजळ करतो आणि पांढरी पिसं जळतात, म्हणजे नुसता पांढरा डाग उरतो. एक्स्पोजर एक स्टॉप खाली आणा, म्हणजे प्रकाश निम्मा करा. शटर स्पीड बसलेल्या पक्ष्याला १/२५० सेकंद चालतो, सुरासाठी १/१६००. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ३२०० झाला तरी घाबरू नका. पांढऱ्याऐवजी लांब शेपटीचा तांबूस पक्षी दिसला तर तोही नरच. आखूड शेपटीची तांबूस म्हणजे मादी किंवा कोवळा नर.

मोबाइलवर त्याचा आवाज वाजवून बोलावू नका. आणि घरट्याचा फोटो तर नकोच. कोळ्याच्या जाळ्यांनी लिंपलेली ती छोटी वाटी असते. अंडी नर-मादी दोघंही उबवतात, त्यामुळे नर बसला की बाहेर लोंबणाऱ्या शेपटीवरून घरटं सहज कळतं आणि मोह होतो. कुणीतरी 'क्लीन फ्रेम'साठी आडव्या येणाऱ्या डहाळ्या तोडलेलं एक घरटं मी पाहिलंय. पुढच्या रविवारी ते रिकामं होतं. त्या डहाळ्यांमुळेच ते लपलेलं होतं. अजूनही आठवलं की जीव तुटतो.

येत्या रविवारी बसायला गोणपाट न्या आणि तीनच्या आत जागा धरा.